शिकवलेल्या पेशी : कर्करोगावरील ‘लस’ समजून घेताना

‘कर्करोगावर लस निघाली’ हे वाक्य अलीकडे आपल्या कानावर वारंवार पडते. ते वर्तमानपत्राच्या मथळ्यातून येते, मोबाइलवरील संदेशातून येते, आणि लासुर्ण्याच्या एसटी थांब्यावर दोन माणसे भेटली की त्यांच्या बोलण्यातूनही येते. हे वाक्य खोटे आहे असे म्हणता येत नाही. पण पूर्ण खरेही नाही. कोणती लस, कोणत्या कर्करोगावर, कोणासाठी, किती खात्रीची आणि किती रुपयांची, हे पाच प्रश्न विचारल्याखेरीज त्याला अर्थ प्राप्त होत नाही.

आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, वैद्यकाचे नव्हे. तथापि विज्ञानाच्या शोधांनाही इतिहास असतो, आणि तो शोध कोणाच्या दारापर्यंत पोहोचला व कोणाच्या दारावरून पुढे निघून गेला, हा तर सर्वस्वी इतिहासाचाच विषय होय. आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत वरच्या वर्गांतील विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासाठी हा अभ्यासपाठ आम्ही याच भूमिकेतून मांडत आहोत.

१. लस : शब्द आणि वस्तू

‘लस’ हा आपल्या भाषेतील जुना शब्द आहे. जखमेतून अथवा फोडातून पाझरणारा चिकट द्रव म्हणजे लस. इंग्लंडमधील डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीच्या फोडातील असाच द्रव एका मुलाच्या दंडात घातला, आणि त्यामुळे माणसाच्या देवीपासून बचाव होतो हे दाखवून दिले. पुढे ही लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईतील एका तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी लसटोचणी. ‘देवी टोचणे’ हा शब्दप्रयोग आपल्या आजी-पणजीच्या तोंडी त्यानंतरच रुळला.

त्या काळी शीतकपाटे नव्हती. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातून लस काढावयाची, ती दुसऱ्याच्या दंडात घालावयाची, तेथून तिसऱ्याच्या, अशी दंडादंडांची साखळी चाले. येथेच जातिव्यवस्था आडवी आली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाच्या दंडातील लस आपल्या मुलाच्या अंगात जाईल, म्हणून स्वतःस उच्च म्हणविणाऱ्यांनी हरकत घेतली. गरिबांच्या लेकरांचे दंड मात्र लस वाहून नेण्यासाठी निःसंकोच वापरले गेले. म्हणजे लसीचा लाभ कोणाला आणि तिचा भार कोणावर, हा प्रश्न आपल्या देशात लसीबरोबरच जन्मास आला.

दुसरा प्रसंग प्लेगचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्याच्या बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. लस मुंबईत निर्माण झाली होती. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलास पाठीवर घेऊन दवाखाना गाठणाऱ्या सावित्रीबाईंपर्यंत ती आली नव्हती. शोधाची तारीख आणि शोध पोहोचल्याची तारीख यांतील हे अंतर विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. या लेखाचा सारा रोख त्या अंतराकडे आहे.

देवीच्या बाबतीत ते अंतर अखेर मिटले. गावोगाव, वस्तीवस्तीत, शेवटच्या झोपडीपर्यंत टोचणी झाली आणि १९७५ नंतर भारतात देवीचा स्थानिक रुग्ण आढळला नाही. ज्या दिवशी शेवटच्या माणसाला लस मिळाली, त्याच दिवशी पहिल्या माणसाचीही भीती संपली.

२. कर्करोगावर लस इतकी अवघड का?

लसीचे तत्त्व सोपे आहे. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराचा पहारा करतात. लस त्यांना शत्रूची ओळख आधीच करून देते. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, अथवा त्याचा एखादा तुकडा, त्यांना दाखविला जातो. पेशी तो लक्षात ठेवतात. पुढे खरा शत्रू आला की त्यांना नव्याने शिकावे लागत नाही.

या पहाऱ्यात दोन प्रकारच्या पेशी विशेष महत्त्वाच्या आहेत. बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ती शत्रूला चिकटतात. टी-पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, छातीच्या हाडामागील थायमस नावाच्या ग्रंथीत त्यांचे शिक्षण होते, आणि त्यांतील काही पेशी रोगट पेशीला प्रत्यक्ष भिडून तिचा नाश करतात.

कर्करोगाची अडचण अशी, की त्याची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपलीच असते. तिच्या जनुकांत बिघाड होऊन ती बेसुमार वाढू लागते, एवढेच. आपल्या वसतिगृहाच्या फाटकावरील पहारेकरी अनोळखी माणसाला अडवितो. पण गणवेश घातलेला आपलाच मुलगा आत जाताना तो कशाला अडवील? कर्करोगाची पेशी अशी गणवेशात वावरते. शिवाय ती पहारेकऱ्याला गुंगी आणण्याचे उपायही योजते. तिचे हे उपाय निष्प्रभ करण्याचा मार्ग शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो या दोघांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. काही कर्करोगांच्या मुळाशी विषाणू असतो. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्युमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे होतो. यकृताच्या अनेक कर्करोगांमागे कावीळ ‘बी’चा विषाणू असतो. या विषाणूंवर लस आहे, आणि ती घेतल्याने तो कर्करोग टळू शकतो. ही खरीखुरी प्रतिबंधक लस झाली. पण रक्ताचा, स्वादुपिंडाचा किंवा मेंदूचा कर्करोग अशा विषाणूच्या वाटेने सहसा येत नाही. तेथे रोग झाल्यानंतर शरीराच्या पहाऱ्यालाच शिकवावे लागते. यास उपचारात्मक लस म्हणतात.

३. पेशीलाच लस करण्याची कल्पना

शरीरात डेंड्रायटिक नावाच्या पेशी असतात. शत्रूचा तुकडा पकडून तो टी-पेशींना दाखविणे, हे त्यांचे काम. त्यांना शरीरातील शिक्षक म्हणावयास हरकत नाही. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचा शोध लावला. पुढे त्यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच्याच डेंड्रायटिक पेशींपासून तयार केलेली लस त्यांनी टोचून घेतली. ३० सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले आणि तीनच दिवसांनी त्यांना नोबेल जाहीर झाले. याच तत्त्वावरील, पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगासाठीची ‘प्रोव्हेंज’ ही पेशींची लस अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाली. रुग्णाच्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोगाची खूण दाखवून, त्या परत शरीरात सोडावयाच्या. तिने रुग्णांचे आयुष्य सरासरीने चार महिन्यांनी वाढले. रोग मात्र समूळ गेला नाही.

यापुढची पायरी म्हणजे पेशीच्या जनुकांतच बदल करणे. इटलीतील मिलान शहरातील संशोधकांच्या कामाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. अस्थिमज्जा-रोपणाच्या रुग्णांना त्यांनी अशा लसिकापेशी दिल्या होत्या, की ज्यांत एका विषाणूचे जनुक मुद्दाम घातलेले होते. त्या पेशींनी त्रास दिल्यास त्यांना ठराविक औषधाने नष्ट करता यावे, एवढाच त्यामागील हेतू. परंतु काही रुग्णांच्या शरीराने ते परके जनुक ओळखले आणि या पेशींवरच हल्ला केला. उपचाराच्या दृष्टीने ही अडचण होती. त्या संशोधकांनी तिच्याकडे संधी म्हणून पाहिले. परके जनुक घातलेली पेशी जर शरीराला एवढे सावध करीत असेल, तर तिच्यात विषाणूच्या जनुकाऐवजी कर्करोगाच्या खुणेचे जनुक घातले तर? मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांत हा विचार तपासण्यात आला व २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही रुग्णांच्या शरीरात त्या खुणेविरुद्धचा प्रतिकार जागा झालेला दिसला. जनुक बदललेली रोगप्रतिकारक पेशी हीच लस, ही कल्पना अशी आकाराला आली. तो मार्ग अद्याप प्रयोगाच्या टप्प्यातच आहे.

याच कुळातील दुसरा मार्ग मात्र प्रत्यक्ष रुग्णालयापर्यंत पोहोचला, आणि तो आपल्या महाराष्ट्रातही पोहोचला. त्याचे नाव ‘कार टी-पेशी’.

४. पवई, परळ आणि खारघर

टी-पेशीला नवी दृष्टी देता येईल काय, हा प्रश्न इस्रायलमधील झेलिग एश्हार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ च्या सुमारास सोडविला. प्रतिपिंडाचे ओळखणारे टोक आणि टी-पेशीचे मारणारे यंत्र, ही दोन्ही एकत्र जोडून त्यांनी एक नवा ग्राहक, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील ‘रिसेप्टर’ तयार केला. भिन्न प्राण्यांचे अवयव जोडून कल्पिलेल्या ‘कायमेरा’ या ग्रीक प्राण्यावरून त्यास कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर, संक्षेपाने ‘कार’, असे नाव मिळाले. २०१२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. कार्ल जून यांच्या गटाने विकसित केलेल्या अशा पेशी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त असलेल्या सहा वर्षांच्या मुलीस देण्यात आल्या. केमोथेरपीला न जुमानणारा तिचा रोग हटला. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने या उपचारास परवानगी दिली. किंमत ठरली ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये.

आपल्याकडे हे काम मुंबईत झाले. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटी मुंबईत, प्रा. राहुल पुरवार २०१३ मध्ये रुजू झाले. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पेशीचा आराखडा तयार केला. टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी रुग्णांवरील चाचण्यांची जबाबदारी घेतली. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. हाफकिन यांच्या नावाची संस्थाही त्याच परळमध्ये आहे, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याने सहज टिपावा. कर्करोग संशोधनाची आपली परंपराही नवी नाही. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली होती. शरीराबाहेर पेशी जगविता येणे, हाच आजच्या या उपचाराचा पाया आहे.

टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील केंद्रात ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिल्या रुग्णास अशा पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने ‘नेक्सकार-१९’ या नावाने या उपचारास परवानगी दिली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. बी-पेशींपासून उद्भवणारे रक्ताचे व लसिकाग्रंथींचे काही कर्करोग जेव्हा नेहमीच्या उपचाराने बरे होत नाहीत अथवा उलटून येतात, तेव्हा १५ वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी तो आहे.

तो कसा करतात, हे पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, बाकीचे रक्त त्याच्या शरीरात परत जाते. 

दुसरी पायरी : त्यांतून टी-पेशी निवडून प्रयोगशाळेत नेतात. रोग उत्पन्न करू न शकणाऱ्या, निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या पाठीवर नव्या ग्राहकाचे जनुक लादून ते टी-पेशीत पोहोचवितात. विषाणूला पेशीत शिरण्याची कला अवगत असते. तिचाच हा उपयोग.

तिसरी पायरी : बदललेल्या पेशी पोषक द्रवात वाढवून त्यांची संख्या कोट्यवधी करतात व त्यांची शुद्धता तपासतात. 

चौथी पायरी : रुग्णास आधी थोडी केमोथेरपी देऊन शरीरात नव्या पेशींसाठी जागा करतात आणि मग या पेशी सलाइनप्रमाणे शिरेतून सोडतात.

या नव्या ग्राहकाला बी-पेशीच्या पृष्ठभागावरील ‘सीडी-१९’ नावाची खूण ओळखता येते. ती दिसताच टी-पेशी हल्ला करते, आणि हल्ला करता करता स्वतःची संख्याही वाढविते. गोळी घेतली की ती विरघळून जाते. ही पेशी शरीरात जगते आणि वाढते. म्हणूनच तिला ‘जिवंत औषध’ म्हणतात. परदेशी उपचारांत या ग्राहकाचा ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला असे. मुंबईच्या गटाने तो मानवी प्रतिपिंडासारखा करून घेतला. दुष्परिणाम सौम्य राहावेत, हा त्यामागील हेतू.

५. हिला लस म्हणावे काय?

काटेकोर अर्थाने नेक्सकार-१९ ही लस नाही. लस निरोगी माणसाला, रोग होण्यापूर्वी, एकाच कुपीतून अनेकांना देता येते. हा उपचार रोग झाल्यावर, त्या एका रुग्णासाठी, त्याच्याच पेशींपासून करावा लागतो. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

तरीही लसीशी त्याचे एक सखोल नाते आहे, ते म्हणजे स्मरणाचे. अमेरिकेत २०१० मध्ये अशा पेशी दिलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही त्या पेशी आढळल्या आणि कर्करोग परतला नव्हता, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदा शिकविलेली पेशी पहाऱ्यावर कायम राहिली. लसीकडून आपण दुसरी कोणती अपेक्षा करतो? जर्मनीत तर कार टी-पेशी दिल्यानंतर त्यांना पुन्हापुन्हा खूण दाखवून त्यांची संख्या वाढविणारी आरएनए लस त्यांच्या जोडीला देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. येथे पेशी आणि लस ही दोन्ही एकत्र आली आहेत. म्हणून ‘लस’ हा शब्द वापरला तर तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु ‘टोचून घेतली की कर्करोग होणार नाही’ असा अर्थ त्यातून कोणी काढला, तर ती दिशाभूल ठरेल.

६. यश आणि धोका

यशाचे मोजमापही नीट पाहिले पाहिजे. मुंबईतील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ६४ रुग्णांचा हा अभ्यास. ज्यांच्यातील परिणाम मोजता आला, त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद मिळाला. अन्य उपाय संपलेल्या रुग्णांत हा आकडा मोठाच म्हटला पाहिजे. पण प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे, आणि उरलेल्यांना प्रतिसाद मिळाला नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले.

धोके तीन प्रकारचे आहेत. पेशींनी हल्ला सुरू केला की शरीरात दाहक रसायनांचा लोंढा येतो. तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो, अतिदक्षता विभागाची गरज पडू शकते. काहींच्या मेंदूवर तात्पुरता परिणाम होतो. सीडी-१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असल्याने त्याही मारल्या जातात आणि पुढे बराच काळ जंतुसंसर्गाचे भय राहते. शिवाय असा उपचार घेतलेल्या काही थोड्या रुग्णांत नंतर टी-पेशींचाच कर्करोग आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापण्यास सांगितले. स्तन, फुप्फुस, तोंड यांच्या घट्ट गाठींवर हा उपचार अजून रक्ताच्या कर्करोगाइतका प्रभावी ठरलेला नाही. आपल्या भागात तंबाखू आणि मिशरीमुळे होणारा तोंडाचा कर्करोग अधिक दिसतो. त्यावर नेक्सकार-१९ हे उत्तर नाही.

कालामांना तथागतांनी दिलेली शिकवण आपण वाचतो : ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, मोठ्याने सांगितले म्हणून काहीही स्वीकारू नका, तपासून पाहा. चाचणी, तुलना, आकडे, आणि अपयशाचीही प्रामाणिक नोंद, ही वैद्यकातील तपासणीची रीत होय. जो उपचार आपली अपयशे सांगत नाही, त्यापासून दूर राहावे.

७. किमतीचा प्रश्न

नेक्सकार-१९ परदेशी उपचाराच्या साधारण एकदशांश किमतीत उपलब्ध झाला. जनुक वाहून नेणारा विषाणू येथेच तयार करणे, पेशी परदेशी न पाठविता येथेच वाढविणे, यांमुळे हे साधले. भारतीय संशोधकांची ही कामगिरी खरोखर अभिमानास्पद आहे. पण एकदशांश म्हणजे किती? वृत्तांनुसार ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात. आपल्या विद्यालयात ऊसतोड कामगारांची मुले शिकतात. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादमाकडून मिळणाऱ्या अनेक हंगामांच्या उचलीपेक्षाही ही रक्कम कितीतरी मोठी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्या ५ लाखांत आणि या ३० लाखांत जे अंतर आहे, तेच १८९७ च्या मुंबई-पुण्यातील अंतराचे आजचे रूप होय.

हे अंतर कमी करणे बाजाराचे काम नव्हे, ते राज्यसंस्थेचे काम आहे, ही दृष्टी आपणास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांच्या अहवालातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगाराला उपचार मिळणे हा दानाचा नव्हे, हक्काचा विषय आहे, हे त्यामागील तत्त्व. कारखान्यांतील अनेक कामगार त्या छत्राखाली आले. फडात कोयता चालविणारा मात्र व्यवहारात बाहेरच राहिला. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. जनुक बदललेल्या पेशींचे तंत्रज्ञान सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांत वाढले आहे. त्याचे फळही सार्वजनिक असावे, ही मागणी त्या अनुच्छेदाशी पूर्णतः सुसंगत आहे.

८. आज आपल्या हाती काय आहे?

महागडी पेशी येईपर्यंत आपण हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही ठेवली जात आहे. भारतातील ही पहिली ग्रामीण नोंदवही. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व टाटा मेमोरियल यांनी आंतरराष्ट्रीय सहकार्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्या गटाला आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी देण्यात आली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न मिळालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. ज्यांना तपासणी मिळाली नाही, त्या स्त्रियांवर अन्याय झाला काय, हा नैतिक वादही पुढे उभा राहिला, आणि तो योग्यच होता.

त्याच कर्करोगावरील प्रतिबंधक लस आता आपल्या पुण्यात तयार होते. सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ९ ते १४ वर्षे हे तिच्यासाठी सर्वांत योग्य वय, म्हणजे आपल्या वसतिगृहातील मुलींचे वय.

येथे आम्हांस एक कटू इतिहास सांगितला पाहिजे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात एचपीव्हीच्या परदेशी लसीचा प्रकल्प राबविला गेला. आदिवासी व गरीब मुलींच्या वसतिगृहांत अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांनीच संमतिपत्रांवर सह्या केल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर प्रकल्प थांबविण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. परंतु संमतीच्या या रीतीवर संसदेच्या समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत : लस उपयुक्त होती, आणि ती देण्याची रीत अन्यायाची होती. दंडादंडांच्या साखळीत गरिबांचे दंड ज्या मनोवृत्तीने वापरले गेले, तीच येथे दिसते. निवासी विद्यालयातील शिक्षकाने हे कदापि विसरू नये. लसीची माहिती मुलीला व तिच्या आईवडिलांना त्यांच्या भाषेत द्यावी, त्यांच्या शंका ऐकाव्यात, आणि सही त्यांनीच करावी.

भीतीचाही व्यापार होतो, हे ध्यानी असावे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांना कर्करोगाची भीती दाखवून, गरज नसता त्यांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारी बीड जिल्ह्यातून आल्या आणि २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या स्त्रीला तपासणी म्हणजे काय हे ठाऊक असते, तिला केवळ ‘कॅन्सर होईल’ या शब्दाने घाबरविता येत नाही. पोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते, म्हणून लगेच गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर आधी बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे, एवढे तरी आपल्या मुलांनी घरी जाऊन आईला सांगावे.

विद्यार्थी मित्रहो, टी-पेशी जन्मतः निपुण नसते. तिला शिकवावे लागते, आणि शिकलेली पेशी साऱ्या शरीराचे रक्षण करते. तुमच्यापैकी कोणी उद्या पवईच्या प्रयोगशाळेत असेल, कोणी खारघरच्या रुग्णालयात, कोणी मंत्रालयात आरोग्य योजनेची फाइल हाताळीत असेल. त्या वेळी तुमच्यापुढे आलेला प्रत्येक नवा शोध दोन कसोट्यांवर घासून पाहा : तो तपासलेला आहे काय, आणि तो फडातल्या आईपर्यंत पोहोचतो काय? यांतील दुसरी कसोटी विचारणारी माणसे प्रयोगशाळेत आणि मंत्रालयात आजवर फार थोडी होती. ती संख्या वाढविण्यासाठीच आपली विद्यालये आहेत.

स्वाध्याय

१. प्रतिबंधक लस आणि उपचारात्मक लस यांतील फरक प्रत्येकी एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. कार टी-पेशींना ‘जिवंत औषध’ का म्हणतात?
३. १८०२ ची दंडादंडांची साखळी आणि २००९-१० चा खम्मम येथील प्रकल्प यांत कोणते साम्य दिसते? तुमचे मत लिहा.
४. उपक्रम : आपल्या गावातील आशाताईंना भेटून गर्भाशयमुख, स्तन व तोंड यांच्या कर्करोगाची तपासणी कोठे व कोणत्या दिवशी होते, याची माहिती मिळवा. ती मोठ्या अक्षरांत लिहून, हंगाम सुरू झाल्यावर, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर वाचून दाखवा.